सिग्नल आला, पण कुठून?

पृष्ठभागाच्या नॉनलिनियर ऑप्टिक्सवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी दाखल झाला की त्याला एकच धास्ती असते, सिग्नल येईल का? येतो. आजचे लेसर इतके दणकट असतात की लाल बाजूचा प्रकाश नमुन्यावर टाकला की डिटेक्टरवर काहीतरी जांभळं हमखास पोचतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ते जांभळं कुणाचं? वरच्या रेणूंच्या थराचं, खालच्या काचेचं, वाटेतल्या आरशाचं, की काल कुणीतरी नमुना हातात धरला होता त्याच्या बोटाच्या ठशाचं? एम.एस्सी. संपवून या क्षेत्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी, किंवा नुकतीच सुरू केलेल्यांसाठी, हा लेख आहे. तो बहुतेक या एकाच प्रश्नाभोवती फिरेल, कारण या विषयात वर्षं वाया जातात ती तिथेच.

आधी थोडं मुळातलं. पदार्थावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर हलतात. क्षेत्र फार तीव्र झालं की हे हलणं सरळ प्रमाणात राहत नाही, आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाश निघू लागतो: 800 नॅनोमीटर आत, 400 नॅनोमीटर बाहेर. याला द्वितीय हार्मोनिक म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात सरळ एसएचजी. आता गंमत अशी की सोनं, तांबं, लोखंड, सिलिकॉन, काच, पाणी यांच्या आतल्या भागातून हा प्रकाश जवळपास निघतच नाही. या पदार्थांत केंद्रीय सममिती असते, म्हणजे सगळ्या दिशा एकदम उलटवल्या तरी पदार्थ तसाच राहतो. दिशा उलटवल्या की क्षेत्राचं चिन्ह बदलतं, पण एसएचजी क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे वर्ग तोच राहतो. पदार्थाने दिलेल्या उत्तराचं चिन्ह मात्र बदलायला हवं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या व्हायच्या तर उत्तर शून्यच हवं.

पृष्ठभागावर ही सममिती मोडते. वर हवा आणि खाली धातू, उलटवणार काय? म्हणून एसएचजी नेमका तिथून, अणूंच्या एकदोन थरांतून येतो. चुंबकत्वानेही यात फरक पडत नाही, कारण सगळ्या दिशा उलटवल्या तरी चुंबकनाची दिशा बदलत नाही. त्यामुळे लोखंड चुंबकित असलं तरी आतला भाग गप्पच राहतो, आणि चुंबकत्वाची खबर मिळते ती फक्त सीमेवरून. 1877 साली जॉन केर यांनी चुंबकाच्या ध्रुवावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण फिरतं हे दाखवलं. तो साधा केर परिणाम आजही उत्तम चालतो, पण धातूत प्रकाश दहा-वीस नॅनोमीटर खोल शिरतो आणि त्या सगळ्या जाडीची सरासरी सांगतो. दोन नॅनोमीटर कोबाल्टवर सोन्याचा थर असेल आणि तुम्हाला त्यांच्या सीमेवर काय चाललंय हे पाहायचं असेल, तर सरासरी कामाची नाही. चुंबकीय पृष्ठभागाच्या एसएचजीचं भाकीत 1989 मध्ये बर्कलीच्या वाय. आर. शेन आणि सहकाऱ्यांनी मांडलं. दोनच वर्षांत लोखंडाच्या पृष्ठभागावर ते दिसलं.

इथे पहिला इशारा. ‘आतून शून्य’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य अर्धं खरं आहे. क्षेत्र जागेनुसार बदलतं, त्यामुळे आतूनही एक क्षीण योगदान येतं, आणि ते पृष्ठभागाच्या योगदानापासून प्रयोगाने पूर्णपणे वेगळं करता येत नाही. म्हणून ‘मला मिळालेला सगळा सिग्नल पृष्ठभागाचाच’ असं प्रबंधात लिहू नका. थर चढवण्याआधी आणि चढवल्यानंतर काय बदललं, ते लिहा. बदलाची मालकी सिद्ध करता येते, एकूण आकड्याची नाही.

या विषयाचा जन्मच अशा घोळात झाला. लेसर 1960 चा, आणि लगेच 1961 मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा 694.3 नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवून 347.2 नॅनोमीटरचा मिळवला. फोटोग्राफिक पट्टीवर त्याचा अगदी पुसट ठिपका उमटला होता. छापणाऱ्यांना तो धुळीचा डाग वाटला आणि त्यांनी तो काढून टाकला! त्या शोधनिबंधातल्या चित्रात बाण आहे, पण बाणाच्या टोकाशी काहीच नाही. तुमच्या बाबतीत धोका बरोबर उलटा आहे. तुम्ही डागाला सिग्नल समजाल.

तर तपासणी कशी करायची? वाटेतल्या प्रत्येक आरशाचा आणि भिंगाचाही स्वतःचा पृष्ठभाग असतो, आणि तोही दुप्पट वारंवारता काढतो. म्हणून नमुन्याच्या अगदी अलीकडे, शेवटच्या भिंगानंतर, 800 जाऊ देणारा आणि 400 अडवणारा फिल्टर लावायचा. नमुन्याच्या लगेच पलीकडे त्याच्या उलट काम करणारा, म्हणजे 400 जाऊ देणारा आणि 800 अडवणारा. अनेक प्रयोगशाळांत इथे बीजी39 ही निळसर काच दिसेल. जुळवाजुळव करताना नमुना नको, क्वार्ट्झचा स्फटिक ठेवा. वितळवून केलेला क्वार्ट्झ चालणार नाही, स्फटिकच हवा. त्याचा सिग्नल भक्कम येतो. मोनोक्रोमेटर आणि फोटोमल्टिप्लायर त्यावर जुळवून घ्या आणि मग त्याच जागी नमुना आणा. शेवटी डिटेक्टरसमोर 400 अडवणारी काच धरून पाहा. मोजणी अंधाराच्या पातळीवर आली नाही, तर तुम्ही एसएचजी मोजत नाही, गळून आलेला 800 मोजताय.

यानंतर सगळेजण काढतात तो लॉग-लॉग आलेख: आडव्या अक्षावर लेसरची शक्ती, उभ्यावर मोजणी. उतार 2 आला की पार्टी होते. माझ्या मते ही पार्टी लवकर होते. उतार 1 च्या आसपास आला तर 800 गळतोय, हे ठीक. पण उतार 2 हा एसएचजीचा पुरावा नाही, कारण दोन फोटॉन शोषून होणाऱ्या प्रतिदीप्तीचाही उतार 2 च असतो, आणि रंगद्रव्यांचे रेणू असले की ती हमखास असते. फरक वर्णपटात दिसतो. मोनोक्रोमेटर 390 पासून 450 पर्यंत हळूहळू फिरवा. एसएचजी 400 ला अरुंद सुळका देतो, प्रतिदीप्ती लांबवर पसरते. ही फेरी अर्ध्या तासाची असते, आणि नेमकी तीच आळसाने टाळली जाते.

उतार 1.6 किंवा 1.7 आला तर दोन शक्यता आधी पाहा. एक, नमुना जळतोय. शक्ती वाढवत नेताना आणि उतरवताना घेतलेल्या दोन रेषा एकमेकींवर बसत नसतील तर हेच. दुसरी मोजणीतली. 80 मेगाहर्ट्झचा लेसर सेकंदाला 8 कोटी पल्स देतो. हजार पल्सांमागे एकच फोटॉन पकडला तरी सेकंदाला 80,000 मोजणी होते आणि काही बिघडत नाही. पण 10 हर्ट्झचा जुना एनडी-याग लेसर असेल, तर एका पल्समागे दोन-तीन फोटॉन आले तरी मोजयंत्र त्यांना एकच धरतं. वरची मोजणी दबते, उतार घसरतो आणि दोष बिचाऱ्या रेणूंवर येतो.

ध्रुवीकरणाची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी. पृष्ठभागाच्या प्रतलात सगळ्या दिशा सारख्या असतील, तर आत एस-ध्रुवित प्रकाश टाकून बाहेर एस-ध्रुवित एसएचजी मिळूच शकत नाही. पी आत, एस बाहेर हेही साध्या, अचुंबकी थरात शून्य असायला हवं. तिथे काही दिसलं तर चुंबकन असेल, रेणूंना उजवे-डावेपण असेल, किंवा (आणि हेच बहुतेक वेळा निघतं) नमुना जरासा तिरका बसला असेल किंवा पोलरायझर गळत असेल. सिलिकॉनसारखा एकस्फटिक असेल तर नमुना स्वतःच्या लंबाभोवती फिरवून पाहा. (111) पृष्ठभागावर सिग्नल दर 120 अंशांनी त्याच रूपात परत येतो. ही नक्षी नीट उमटली की जुळवणीवर विश्वास ठेवता येतो.

आता रेणूंच्या थरांकडे. लँगम्युअर-ब्लॉजेट पद्धत, म्हणजे एलबी, दिसायला सोपी आहे. टेफ्लॉनचं उथळ पात्र, त्यात अतिशुद्ध पाणी, पाण्यावर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले तेलकट रेणू, आणि त्यांना एका बाजूने हळूहळू रेटणारा सरकता अडथळा. अशा पात्रात पाण्याचा पृष्ठभाग रेटून मोजायची कल्पना मूळ आग्नेस पॉकेल्स यांची. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहणाऱ्या या बाईंना विद्यापीठाची दारं बंद होती. घरातलं काम सांभाळत त्यांनी मोजमापं केली आणि लॉर्ड रॅले यांना पत्र पाठवलं. ते 1891 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. लँगम्युअर आणि कॅथरीन ब्लॉजेट नंतर आले. आग्नेस यांचा धाकटा भाऊ फ्रीडरिख पॉकेल्स. त्याच्याच नावाचा पॉकेल्स सेल आज बहुतेक मोठ्या पल्स लेसरांच्या पोटात बसलेला असतो. म्हणजे तुमच्या टेबलाच्या एका टोकाला भाऊ आणि दुसऱ्या टोकाला बहीण.

पात्रावर बसण्याआधी एक हिशेब करा. स्टिअरिक आम्लाचा रेणुभार सुमारे 284.5. मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम असं द्रावण आणि त्यातले 50 मायक्रोलिटर घेतले, तर सुमारे 1.06 × 10^17 रेणू पाण्यावर पडतात. घट्ट उभ्या रेणूला 0.20 चौरस नॅनोमीटर जागा लागते. गुणाकार करा, जवळपास 212 चौरस सेंटिमीटर येतात. अडथळा सरकवताना दाब एकदम चढतो ती जागा या आकड्याजवळ यायला हवी. फार आधी चढला तर पाणी घाण आहे किंवा द्रावणातला क्लोरोफॉर्म उडून ते दाट झालंय. फार उशिरा चढला तर रेणू पाण्यात बुडाले आहेत किंवा सुईला चिकटून राहिले आहेत.

त्याहीआधी कोरी फेरी. रेणू न टाकता अडथळा पूर्ण सरकवायचा. दाब एक-दोन दशांश मिलिन्यूटन प्रति मीटरपेक्षा जास्त चढला तर पृष्ठभागावरची घाण पिपेटने ओढून काढायची आणि पुन्हा सरकवायचा. दोनदा, चारदा, दाब हलायचा थांबेपर्यंत. त्यानंतर रेणू पसरवा, क्लोरोफॉर्म उडून जायला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि सावकाश रेटा. काच स्वच्छ करायला गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरत असाल तर त्याच्या जवळपास ॲसिटोन किंवा अल्कोहोल आणायचं नाही आणि बाटलीचं झाकण घट्ट लावायचं नाही. दोन्ही चुकांनी स्फोट होतात.

काच पाण्यातून वर काढली की रेणू दोन्ही बाजूंना चढतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही लक्षात राहत नाही. पुढच्या आणि मागच्या बाजूचे सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि आपाती कोन बदलला की लाटांसारखी नक्षी दिसते. मागची बाजू पुसून टाका. पुसण्यापूर्वीची ती नक्षी मात्र जपून ठेवा. तिच्या दऱ्या शून्यापर्यंत उतरत असतील तर दोन्ही बाजूंचा थर सारखा बसलाय, याची ती फुकटात मिळालेली पावती असते.

अनेक थर चढवताना सममिती पुन्हा आडवी येते. साध्या पद्धतीने एकावर एक थर चढवले तर रेणू डोक्याला डोकं, शेपटीला शेपूट असे बसतात. जोडीतल्या दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात आणि सम संख्येच्या थरांतून जवळपास काहीच मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे रंगद्रव्याचा एक थर आणि मध्ये निष्क्रिय, साध्या स्निग्धाम्लाचा एक थर. मग सिग्नल सक्रिय थरांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो. सिग्नलच्या वर्गमुळाचा थरांच्या संख्येशी आलेख काढा. सरळ रेषा आली तर थर शिस्तीत बसताहेत. वाकली तर कुठल्या थरापासून वाकली, ते तिथेच कळतं.

ध्रुवीकरणाच्या मोजणीवरून रेणूंचा कलही काढता येतो, आणि इथे एक सापळा आहे. गणितात प्रत्येक रेणू एकाच कोनात आहे असं धरतात. प्रत्यक्षात रेणू अस्ताव्यस्त असतील तर त्याच गणितातून उत्तर 39 अंशांच्या आसपास येतं, ते कसेही पसरलेले असोत. गार्थ सिम्पसन आणि कॅथी रोलेन यांनी 1999 मध्ये हे दाखवून दिलं. तुमचं उत्तर 39 आलं तर लगेच लिहून मोकळे होऊ नका. कलाची दुसरी एखादी स्वतंत्र मोजणी जोडा, नाहीतर ‘रेणू नीट लागले आहेत’ हा दावा सोडा.

चुंबकीय थरांचं दुखणं वेगळं. तिथे पहिला शत्रू हवा. 10^-6 टॉर इतक्या पोकळीतही उरलेल्या वायूचे रेणू सेकंदाभरात एक पूर्ण थर बसवू शकतात. त्या मापाला लँगम्युअर यांचंच नाव आहे. 10^-10 टॉरला हाच वेळ दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास जातो. उघडा कोबाल्ट किंवा लोखंड अभ्यासायचं तर पोकळी तेवढी हवी, आणि तेवढी नसेल तर सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं दोन-तीन नॅनोमीटर आवरण हवं. आवरण घातलं की तुम्ही धातू आणि हवेची सीमा सोडून धातू आणि सोन्याची सीमा पाहताय, शिवाय सोन्याच्या वरच्या पृष्ठभागाचाही सिग्नल त्यात मिसळतोय. म्हणून फक्त सोन्याचा, खाली कोबाल्ट नसलेला नमुना त्याच दिवशी, त्याच कक्षात बनवून घ्या. नंतर बनवू म्हटलं की तो कधीच बनत नाही. जाडी क्वार्ट्झ मॉनिटरच्या आकड्यावर सोडू नका, क्ष-किरण परावर्तनाने तपासून घ्या.

मोजायचं ते असं: क्षेत्र आपाती प्रतलाला लंब, एकदा एका बाजूला, एकदा उलट. दोन्ही मोजण्यांची वजाबाकी भागिले बेरीज, हीच असममिती. साध्या केर परिणामात ध्रुवीकरण अंशाच्या छोट्या भागाने फिरतं. एसएचजीत ते अंशांमध्ये, अनुकूल थरांत त्याहून बरंच जास्त फिरू शकतं. आकडा मोठा असल्यामुळे माणूस हुरळतो. हुरळण्याआधी काचेचा किंवा निव्वळ सोन्याचा नमुना ठेवून तेच क्षेत्र उलटसुलट करा. असममिती शून्य यायला हवी. बऱ्याचदा येत नाही, कारण फोटोमल्टिप्लायरमधले इलेक्ट्रॉन तुमच्या विद्युतचुंबकाच्या क्षेत्राने वळतात. ट्यूबला म्यू-मेटलचं आवरण घाला आणि ती चुंबकापासून दूर न्या. तरीही शिल्लक राहिली तर नमुना धरणाऱ्या पट्टीत कुठे लोखंडी स्क्रू आहे का बघा. क्षेत्र उलटताना तो केसभर ओढला जातो आणि किरण सरकतो.

असममिती शून्य आली म्हणून सीमेवर चुंबकत्व नाही, असाही निष्कर्ष काढू नका. चुंबकी आणि अचुंबकी भागांच्या लहरी 90 अंशांच्या कलांतरावर असल्या तर चुंबकत्व असूनही फरक दिसत नाही. आपाती कोन किंवा ध्रुवीकरण बदलून पुन्हा पाहा.

हिस्टेरिसिस वळसे काढताना केर आणि एसएचजी दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी घ्या. परावर्तित 800 वरून केर, वेगळ्या केलेल्या 400 वरून एसएचजी. दोन्हींतलं निग्रही क्षेत्र वेगळं आलं तर सीमेचं चुंबकत्व आतल्यापेक्षा वेगळं वागतंय, असं म्हणायचा मोह होईल. केर काल मंद दिव्यावर घेतला आणि एसएचजी आज पूर्ण लेसरवर, असं असेल तर तो फरक बहुधा उष्णतेचा. लेसरखाली थर तापतो आणि निग्रही क्षेत्र कमी होतं.

डोळ्यांबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. 800 नॅनोमीटरचा किरण डोळ्याला मंद लाल ठिपक्यासारखा दिसतो. तो मंद नसतो, आपला डोळा तिथे मंद असतो. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा लावा, घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा, पडलेला स्क्रू उचलायला वाकताना डोळे किरणाच्या उंचीवर आणू नका.

प्रयोगशाळा निवडताना काय विचारावं? इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, मुंबईची टीआयएफआर आणि आयआयटी, पुण्याची आयसर, बंगळुरूची आयआयएससी अशा ठिकाणी लेसरवर आणि पातळ थरांवर चांगलं काम चालतं, आणि त्यासाठी नेट, गेट, जेस्ट यांसारख्या परीक्षा द्याव्या लागतात. मुलाखतीला गेलात की शोधनिबंधांची संख्या विचारण्यापेक्षा आठवड्याला लेसर किती तास तुमच्या वाट्याला येईल ते विचारा. नमुने कोण बनवतं, ते इथेच बनतात की बाहेरून येतात, हेही विचारा. बाहेरून येत असतील तर कोऱ्या नमुन्यांचा आग्रह धरणं अवघड जातं.

आणि पावसाळ्याची सोय विचारा. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात खोलीत 28 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 24 च्या आसपास असतो. लेसरचा चिलर 20 अंशांवर चालतो. वीज जाऊन एसी बंद पडला आणि जनरेटरवर चिलर मात्र चालू राहिला, तर पाइपांवर, क्रिस्टलच्या बैठकीवर आणि आरशांवर पाणी धरतं. म्हणून वीज परत आली की लेसरचं बटण दाबायचं नाही. आधी चिलर बंद, मग एसी आणि डीह्युमिडिफायर चालू, आर्द्रता साठच्या खाली उतरू द्यायची, टॉर्च घेऊन आरसे बघायचे, आणि त्यानंतर चिलर, शेवटी लेसर.